रेगे जगभर पोचलं कसं?

तुमच्या हॉस्टेलमध्येही एक तरी बॉब मार्ली असणारच. भिंतीवरच्या पोस्टरवर, कुणाच्या टी-शर्टवर, नाहीतर बाइकच्या टाकीवरच्या स्टिकरवर. लाल, पिवळा, हिरवा असे तीन पट्टे, डोक्यावर जटा, तोंडातून धूर. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये असे चार मार्ली होते आणि त्यातल्या तिघांच्या मालकांना त्याचं एकही गाणं धड म्हणता येत नव्हतं. त्यांची चेष्टा करत नाही. मला गंमत वाटते ती याची, की हा चेहरा गाण्याच्या आधी आमच्या खोलीत पोचला होता.

जमैका हा देश क्षेत्रफळाने आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा लहान आहे. लोकसंख्या २८ लाखांच्या आसपास, म्हणजे पुणे शहरापेक्षाही कमी. ६ ऑगस्ट १९६२ रोजी ब्रिटिशांपासून स्वतंत्र झालेल्या या बेटाचं संगीत पुढच्या २० वर्षांत लंडन, हरारे, ऑकलंड, साओ लुईस, टोकियो असं सगळीकडे गेलं. २०१८ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. हे झालं कसं? नेहमीचं उत्तर असं, की मार्ली नावाचा एक प्रतिभावान माणूस जन्मला आणि जगाने त्याला डोक्यावर घेतलं. प्रतिभेबद्दल वाद नाही. पण मी पोटापाण्यासाठी सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे ‘चांगलं होतं म्हणून पसरलं’ हे उत्तर मला पुरत नाही. चांगल्या गोष्टी गावातल्या गावात पडून राहतात. बाहेर जायला तारा लागतात, बोटी लागतात, पैसा लागतो, आणि बरेचदा कुणीतरी मधे कात्री चालवावी लागते.

तारांपासून सुरुवात करू. हेडली जोन्स नावाचा एक जमैकन दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्समध्ये रडारचं तंत्र शिकला. युद्ध संपल्यावर किंग्स्टनला परतला आणि त्याने रेडिओचं दुकान टाकलं. तिथे त्याने बनवलेले दणदणीत अॅम्प्लिफायर टॉम वाँग या हार्डवेअरच्या दुकानदाराला आवडले आणि वाँगने त्यावर ‘टॉम द ग्रेट सेबॅस्टियन’ नावाची साउंड सिस्टिम उभी केली. साउंड सिस्टिम म्हणजे कपाटाएवढे स्पीकर, टर्नटेबल, अॅम्प्लिफायर आणि ते चालवणारी टोळी. आपल्या मिरवणुकीतली डीजेची भिंत डोळ्यांसमोर आणा, फक्त ती ट्रॅक्टरवर नाही, भर वस्तीतल्या मोकळ्या अंगणात. तिकीट काढायचं, बिअर घ्यायची, रात्रभर नाचायचं. महागड्या क्लबात ज्यांना कुणी घेत नव्हतं आणि ज्यांच्या घरी रेडिओही नव्हता, त्यांचं हे रेडिओ स्टेशन.

वाजायचं काय? अमेरिकेतलं ऱ्हिदम अँड ब्लूज. फ्लोरिडात हंगामी शेतमजुरीला गेलेले लोक येताना रेकॉर्ड आणायचे. पुढे साउंड सिस्टिमचे मालक स्वतःच अमेरिकेत खरेदीला जाऊ लागले. स्पर्धा इतकी जहरी, की दुर्मीळ रेकॉर्ड मिळाली की तिच्यावरचं लेबल खरवडून टाकत, म्हणजे शेजारच्याला गाण्याचं नाव कळू नये. कॉक्सन डॉडने अशाच एका अमेरिकन सॅक्सोफोनच्या तुकड्याला स्वतःचं नाव देऊन अनेक वर्षं हुकमी पत्ता म्हणून वापरलं. त्याचा प्रतिस्पर्धी, पोलिसातून बाहेर पडलेला ड्यूक रीड, ती रेकॉर्ड कोणती हे शोधून काढेपर्यंत थांबला नाही. मग अमेरिकेतली आवड रॉक अँड रोलकडे वळली, हव्या त्या रेकॉर्ड येईनात. माल संपल्यावर दुकानदाराने कारखाना काढावा तसं झालं: डॉड, रीड, प्रिन्स बस्टर स्थानिक वादकांना घेऊन स्वतःच गाणी बनवू लागले.

वादक कुठून आले, हेही सांगण्यासारखं आहे. किंग्स्टनमध्ये कॅथलिक जोगिणींनी चालवलेली अल्फा बॉइज स्कूल ही अनाथ आणि वाया गेलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या मुलांची शाळा होती. तिथल्या बँडमध्ये मुलांना ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन शिकवत. सिस्टर इग्नेशिअस नावाच्या जोगिणीने या मुलांवर अनेक दशकं जीव लावला. स्कॅटलाइट्स या १९६४ साली जमलेल्या बँडमधले डॉन ड्रमंड, टॉमी मकुक, जॉनी मूर, लेस्टर स्टर्लिंग हे सगळे याच शाळेचे. त्यांनी वाजवला तो स्का: वेगवान, उडता, ठोक्याच्या ऐवजी ठोक्यांच्या मधल्या जागेवर जोर देणारा. १९६६ च्या सुमारास तो मंदावला आणि रॉकस्टेडी झाला. १९६८ मध्ये आणखी बदलला आणि टूट्स अँड द मेटल्सच्या एका गाण्याच्या नावात ‘रेगे’ हा शब्द आला. रेगेमध्ये गिटार मधल्या जागांवर चकचक वाजते, ड्रमर पहिली मात्रा चक्क रिकामी सोडतो आणि तिसऱ्या मात्रेवर धप्पकन येतो. आणि धून वाजवायचं काम बेस गिटारकडे जातं. आपल्या कानाला समेवर जोर ऐकायची सवय. समच गायब असलेलं संगीत पहिल्यांदा ऐकताना पायरी चुकल्यासारखं होतं, मग पाय आपोआप तसाच पडायला लागतो.

आता बोटी. २२ जून १९४८ रोजी ‘एम्पायर विंडरश’ या बोटीतून शेकडो कॅरिबियन माणसं लंडनजवळच्या टिलबरी बंदरात उतरली. युद्धाने मोडलेल्या ब्रिटनला बस चालवायला, इस्पितळं सांभाळायला हात हवे होते. १९६२ च्या कायद्याने दार अर्धवट बंद होईपर्यंत मोठ्या संख्येने जमैकन तिथे गेले. पबमध्ये त्यांना धड वागणूक नव्हती, खोली भाड्याने मिळायची मारामार. मग त्यांनी तळघरांत आणि रिकाम्या घरांत आपल्या साउंड सिस्टिम लावल्या. रेगेची परदेशातली पहिली बाजारपेठ ही अशी घरच्या आठवणीने तयार झाली. जमैकातल्या एका सधन गोऱ्या घरातला ख्रिस ब्लॅकवेल १९६२ मध्ये आपली आयलंड रेकॉर्ड्स ही कंपनी घेऊन लंडनला आला, तेव्हा तो छोट्याशा मिनी कूपर गाडीत रेकॉर्ड भरून या वस्त्यांतल्या दुकानांना पोचवत असे. १९६४ मध्ये त्याने मिली स्मॉल या किशोरवयीन मुलीकडून ‘माय बॉय लॉलिपॉप’ गाऊन घेतलं. ते ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे दुसऱ्या क्रमांकावर गेलं. पाच वर्षांनी डेस्मंड डेकरचं ‘इझ्रेलाइट्स’ ब्रिटनमध्ये पहिलं आलं. कष्टकऱ्याचं रडगाणं ते, शब्द निम्म्या इंग्रजांना कळले नसतील. त्या काळी ही गाणी घेणाऱ्यांत गोऱ्या कामगार वस्तीतली टक्कल केलेली पोरं, म्हणजे स्किनहेड, मोठ्या संख्येने होती. त्यातलेच काही पुढे वर्णद्वेषी टोळ्यांत गेले. माणूस ज्याच्या गाण्यावर नाचतो त्याच्याच दारावर दगड मारू शकतो, ही गोष्ट या इतिहासात पुन्हा येणार आहे.

या संगीतात भारताचाही एक धागा आहे, आणि तो मुळापाशी आहे. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांवर राबायला ब्रिटिशांनी गिरमिटिया मजूर आणले. १० मे १८४५ रोजी ‘ब्लंडेल हंटर’ हे जहाज जमैकाच्या ओल्ड हार्बर बे इथे लागलं. १९१७ पर्यंत सुमारे ३६ हजार भारतीय तिथे गेले, बहुतेक उत्तर भारतातून. जमैकाच्या बोलीत आजही गांजाला गांजाच म्हणतात. रास्तफारी पंथाच्या पहिल्या प्रचारकांपैकी एक, लिओनार्ड हॉवेल, याने १९३० च्या दशकातली आपली पुस्तिका ‘जी. जी. माराघ’ या नावाने काढली. माराघ म्हणजे आपला ‘महाराज’. १९३० साली हाइले सेलासी इथिओपियाचा सम्राट झाला, त्याला देव मानणारा हा गरीब काळ्यांचा पंथ. सेलासी २१ एप्रिल १९६६ रोजी किंग्स्टनला आला तेव्हा विमानतळावर एवढी गर्दी उसळली, की तो बराच वेळ विमानातून उतरूच शकला नाही. मार्लीची पत्नी रिटा त्या दिवसापासून रास्तफारी झाली असं ती स्वतः सांगते. त्यानंतरच्या दोनचार वर्षांत रेगे नुसतं नाचगाणं उरलं नाही. त्यात बॅबिलॉन आला, म्हणजे जुलमी व्यवस्था. आफ्रिकेला परत जायची ओढ आली. हे शब्द जगात कुठल्याही पिचलेल्या माणसाला स्वतःचे वाटावेत असे होते.

तरी रॉक ऐकणारा गोरा मध्यमवर्ग अजून बाहेरच होता. त्याला आत आणलं दोन गोष्टींनी. एक, १९७२ चा ‘द हार्डर दे कम’ हा पेरी हेन्झेल यांचा सिनेमा. जिमी क्लिफ त्यात खेड्यातून किंग्स्टनला आलेला होतकरू गायक होतो. त्याचं गाणं २० डॉलरला विकत घेतलं जातं आणि शेवटी तो बंदूक उचलतो. अमेरिकेत संवादांना सबटायटल लावावी लागली आणि मध्यरात्रीच्या खेळांना विद्यार्थी गर्दी करू लागले. दुसरी गोष्ट कात्रीची आहे.

१९७१-७२ च्या हिवाळ्यात बॉब मार्ली, पीटर टॉश आणि बनी वेलर हे वेलर्स लंडनमध्ये अडकले होते. हातात पैसा नाही, परतीची सोय नाही. ते ब्लॅकवेलकडे गेले. जमैकात तोवर चाल अशी होती, की एकेक गाणं करायचं, थोडे पैसे घ्यायचे आणि घरी जायचं. ब्लॅकवेलने त्यांच्या हातावर ४ हजार पौंड ठेवले आणि सांगितलं, जा, किंग्स्टनला जाऊन पूर्ण अल्बम करून आणा. पैसे बुडाले असं लोकांनी त्याला ऐकवलं. पण टेप आल्या. मग लंडनच्या स्टुडिओत त्यावर काम झालं. अमेरिकेतल्या अलाबामाचा वेन पर्किन्स हा गिटारवाला बोलावला, ज्याने तोवर रेगे वाजवलंच नव्हतं. त्याने रॉकसारखी लांब, रडती गिटार घातली. जॉन बंड्रिक याने कीबोर्ड भरले. बेस मागे ढकलला, वेग किंचित वाढवला. मुखपृष्ठ सिगारेट लायटरसारखं, बिजागरीवर उघडणारं. १९७३ च्या एप्रिलमध्ये ‘कॅच अ फायर’ बाहेर आला तो असा, रॉक बँडच्या पोशाखात.

२००१ साली या अल्बमची दुपदरी आवृत्ती निघाली, तिच्यात किंग्स्टनहून आलेलं मूळ मिक्सही आहे. स्ट्रीमिंगवर सहज मिळेल. हेडफोन लावा आणि ‘काँक्रीट जंगल’ दोन्हीकडे लागोपाठ ऐका. मी हे इतक्यांदा केलंय, की खोलीतला मित्र वैतागला. लंडनच्या मिक्समध्ये गिटार तुमचा हात धरून तुम्हाला गाण्यात फिरवते. मूळ मिक्समध्ये कुणी हात धरत नाही. बेस पोटात बसतो, तीन आवाज एकमेकांना टेकून उभे राहतात आणि मधल्या रिकाम्या जागेत ट्रेंच टाउनची गल्ली दिसते. मला मूळच जास्त आवडतं. पण मी ब्लॅकवेलला खलनायक ठरवायला तयार नाही. त्याने फसवून काही केलं नाही, मार्ली त्या स्टुडिओत हजर होता. आणि लंडनचं मिक्स विकलं गेलं नसतं, तर २००१ साली मूळ टेप कपाटातून काढायची तसदी कुणी घेतली असती? किंमत मात्र मोजावी लागली. सुरुवातीला विक्री बेताचीच झाली, दौऱ्यांचे हाल झाले, आणि आपण तिघे बरोबरीचे असताना एकट्या मार्लीला पुढे काढलं जातंय ही सल घेऊन टॉश आणि बनी बाहेर पडले.

१९७४ मध्ये एरिक क्लॅप्टनने मार्लीचं ‘आय शॉट द शेरिफ’ गायलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. या माणसाला तोपर्यंत न ओळखणाऱ्या लाखोंनी रेकॉर्डवरचं गीतकाराचं नाव वाचलं. दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९७६ मध्ये, बर्मिंगहॅमच्या मंचावर दारूच्या नशेत त्याच क्लॅप्टनने परदेशी लोकांना देशाबाहेर काढा असं सुनावलं आणि स्थलांतरितांविरुद्ध आग ओकणाऱ्या इनॉक पॉवेलची तरफदारी केली. त्याच्या निषेधातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये हजारो तरुण जमले आणि एकाच मंचावर द क्लॅश हा पंक बँड आणि बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थचा स्टील पल्स हा रेगे बँड वाजले. पंकवाल्यांना रेगेची ओळख डॉन लेट्समुळे झाली होती. रॉक्सी क्लबमध्ये रेकॉर्ड लावायचं काम त्याच्याकडे होतं. पंकच्या रेकॉर्डच फारशा निघालेल्या नव्हत्या, मग तो रेगे लावायचा. याच हँड्सवर्थमध्ये वाढलेला स्टीव्हन कपूर नावाचा पंजाबी मुलगा १९९० च्या दशकात ‘अपाचे इंडियन’ म्हणून आपल्याकडच्या केबल टीव्हीवर झळकला.

भारतात मात्र रेगे त्याच्या खूप आधी येऊन गेलं होतं, वेश बदलून. बोनी एमच्या कॅसेट तुमच्या मामाकाकांकडे असतील. ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ हे त्यांचं १९७८ चं गाणं मुळात मेलोडियन्स या जमैकन त्रिकुटाचं, १९७० चं, बायबलमधल्या स्तोत्रांवर बेतलेलं रास्तफारी भजन आहे. जर्मन निर्मात्याने त्याला डिस्कोचे कपडे घातले. गाणाऱ्या लिझ मिचेल आणि मार्शिया बॅरेट जन्माने जमैकनच. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांनी ही गाणी वाजवली, गुलामीचं विलाप-गीत आहे हे ना वाजवणाऱ्याला ठाऊक ना नाचणाऱ्याला.

आफ्रिकेत उलटं झालं. तिथे वेश बदलावा लागला नाही. झिंबाब्वेचा लढा चालू असताना मार्लीने त्या देशाच्या नावाचंच गाणं केलं होतं. एप्रिल १९८० मध्ये स्वातंत्र्य सोहळ्याला त्याला बोलावलं, तेव्हा सगळा सरंजाम त्याने स्वतःच्या खर्चाने नेला. रूफारो स्टेडियममध्ये निमंत्रित आत आणि लढलेले लोक दाराबाहेर, असं होतं. बाहेरची गर्दी आत घुसू लागली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तो मंचावरही आला. दुसऱ्या दिवशी मार्लीने सगळ्यांसाठी पुन्हा कार्यक्रम केला. पुढच्या वर्षी, ११ मे १९८१ रोजी, कर्करोगाने तो गेला. वय ३६. पाठोपाठ आयव्हरी कोस्टचा अल्फा ब्लाँडी, दक्षिण आफ्रिकेचा लकी डूबे हे आपापल्या भाषांत आणि आपापल्या रागाने रेगे गाऊ लागले. न्यूझीलंडमध्ये १९७९ च्या एका मैफिलीनंतर माओरी तरुणांनी ते इतकं आपलं केलं, की आज तिथे वाढलेल्या मुलाला ते आयात केलेलं वाटतही नसेल.

आणि मग आमच्या हॉस्टेलचा मार्ली आला. १९८४ मध्ये आयलंडने ‘लेजंड’ हा निवडक गाण्यांचा संग्रह काढला. निवडताना विचार स्पष्ट होता: गोऱ्या ग्राहकाला दचकवणारं नको. त्यामुळे प्रेमाची, धीर देणारी गाणी पुढे आली आणि बंडाची बहुतेक मागे राहिली. अल्बम कोटींच्या घरात खपला, अजून खपतो. १९७६ मध्ये राजकीय टोळीयुद्धात ज्याच्या घरात घुसून गोळ्या झाडल्या गेल्या आणि जो दोनच दिवसांनी जखमी हाताने मंचावर उभा राहिला, तो माणूस समुद्रकिनाऱ्यावरच्या सुट्टीचं चित्र झाला. अंजुण्याच्या फ्ली मार्केटमध्ये टांगलेला टी-शर्ट हा त्या निवडीचा पणतू आहे.

पैशाचं काय? जमैकात १९९३ पर्यंत कॉपीराइटचा कायदा होता तो ब्रिटिशांचा १९११ चा. एका वाद्यमेळावर, ज्याला तिथे ‘रिडिम’ म्हणतात, दहा गायक दहा गाणी करत. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे ऐकून लगेच हरखतो, अरे वा, ओपन सोर्स! पण ओपन सोर्समध्ये निदान लिहिणाऱ्याचं नाव राहतं. इथे बेस वाजवणाऱ्याला दिवसाची मजुरी मिळाली आणि त्याच धुनेवर परदेशातल्या कंपन्या वर्षानुवर्षं जेवल्या. म्हणून मला मार्लीची एक गोष्ट आवडते. ‘नो वुमन नो क्राय’चा गीतकार म्हणून व्हिन्सेंट फोर्ड हे नाव नोंदवलेलं आहे. हा ट्रेंच टाउनमधला त्याचा मित्र, जो भुकेल्यांना जेवण घालायचा. गाणं प्रत्यक्षात कुणी लिहिलं यावर लोक वाद घालतात. मानधन मात्र फोर्डला जात राहिलं.

शेवटी पुन्हा दुरुस्तीच्या दुकानात जाऊ. ऑस्बर्न रडॉक, म्हणजे किंग टबी, किंग्स्टनच्या वॉटरहाउस वस्तीत रेडिओ आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करायचा, ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचा. त्याने घरातच छोटा स्टुडिओ केला, न्हाणीघरात गायकाला उभं केलं, दुसऱ्या स्टुडिओने काढून टाकलेला चार ट्रॅकचा मिक्सर आणून त्यात स्वतःच्या हाताने बदल केले. तयार गाण्यातून तो आवाज काढून टाकी, मग गिटार, मग अचानक सगळंच, आणि उरलेल्या बेसवर प्रतिध्वनी सोडी. याला डब म्हणतात. आजच्या प्रत्येक रीमिक्सचा हा आजोबा. डबच्या मोकळ्या जागेत बोलणारे डीजे आले. त्याच किंग्स्टनमध्ये लहानपण गेलेला क्लाइव्ह कॅम्बेल न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ‘डीजे कूल हर्क’ झाला आणि ११ ऑगस्ट १९७३ च्या त्याच्या पार्टीपासून हिपहॉपची गणना सुरू होते. म्हणजे ‘गली बॉय’ची वंशावळही फिरून साउंड सिस्टिमशीच येते.

टबीच्या हाताखाली तयार झालेला जॅमी, तोही दुरुस्तीवालाच. १९८५ मध्ये त्याच्याकडे वेन स्मिथ आणि नोएल डेव्ही ही दोन पोरं एक स्वस्तातला कॅसिओ कीबोर्ड घेऊन आली. त्यातल्या ‘रॉक’ नावाच्या तयार ठेक्याचं बटण दाबलं की एक बेस वाजायचा. जॅमीने तो थोडा मंद केला, वर स्मिथचं गाणं चढवलं आणि ‘अंडर मी स्लेंग टेंग’ तयार झालं. फेब्रुवारीतल्या एका साउंड सिस्टिमच्या सामन्यात ते वाजलं आणि पुढच्या काही महिन्यांत किंग्स्टनमधले ड्रमर आणि बेसवाले घरी बसायची वेळ आली. सगळं रेगे संगणकी झालं. त्या एका ठेक्यावर शेकडो गाणी निघाली.

तो ठेका बसवला होता हिरोको ओकुदा या मुलीने. १९८० साली संगीत महाविद्यालयातून बाहेर पडून ती कॅसिओत लागली आणि तिला मिळालेलं पहिल्या काही कामांपैकी एक होतं, नव्या कीबोर्डसाठी तयार ठेके बनवणं. कॉलेजात तिने प्रबंध लिहिला होता तो रेगेवर.